तुटले की तोडले? : इंग्रजी क्रियापदांच्या जाती



व्याख्यानमालेच्या चालकांनी मला निमंत्रण दिले, तेव्हा मी कामगार-चळवळीवर बोलेन अशी त्यांची साहजिकच अपेक्षा होती. मी उलट टपाली विषय कळविला : इंग्रजी क्रियापदांच्या जाती. चिटणीसांना वाटले, कोणा दुसऱ्या वक्त्याचे पत्र चुकून आपल्याकडे आले. त्यांनी विचारपूस केली. मी म्हटले, पत्र माझेच आहे आणि विषयही कामगार-चळवळीचाच आहे. तो कसा, एवढेच मला आज तासाभरात सांगावयाचे आहे.

प्रथम एक कबुली देऊन टाकतो. मी व्याकरणपंडित नव्हे. माझे शाळेतले शिक्षण नववीत संपले. म्हणजे ते आपोआप संपले नाही. वडिलांचे काम सुटल्यामुळे मला ते संपवावे लागले. ‘संपले’ आणि ‘संपवावे लागले’ या दोहोंत जे अंतर आहे, तेच आजच्या व्याख्यानाचे सार आहे, असे म्हटले तरी चालेल. पुढे कारखान्यात लागलो, आणि रद्दीच्या दुकानात मिळालेल्या तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर रात्री दिव्याखाली इंग्रजी शिकू लागलो. पहिला भाग संपला, दुसरा संपला, आणि खात्यात माझी कीर्ती झाली की, याला इंग्रजी येते. अर्धवट विद्येला असली कीर्ती फार घातक. ती कशी, हे आधी सांगतो, व्याकरण मागाहून.

सुमारे तीस वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या खात्यात एक वयस्क टर्नर होते. सगळे त्यांना तात्या म्हणत. त्यांचा लेथ जुना, पट्ट्यावर चालणारा. एके दिवशी पाळी सुटायच्या सुमारास पट्टा तुटला, काम अडले, आणि दुसऱ्या दिवशी तात्यांच्या हाती चार्जशीट पडले : निष्काळजीपणाने यंत्राचे नुकसान केल्याबद्दल खुलासा करावा. चार्जशीट इंग्रजीत, तेव्हा खुलासाही इंग्रजीतच दिला पाहिजे, असा आमचा समज. तात्या माझ्याकडे आले. म्हणाले, “लिही बाबा, काम चालू असताना पट्टा तुटला.” मी कोश उघडला. ‘ब्रेक’ म्हणजे तोडणे, मोडणे. मला वाटले, तोडणे आहे तर तोडणारा हवा. कर्त्यावाचून वाक्य कसे होईल? म्हणून मी मोठ्या काळजीपूर्वक लिहिले : “आय ब्रोक द बेल्ट व्हाइल वर्किंग.” तात्यांनी विश्वासाने खाली सही केली.

चौकशी पाच मिनिटांत आटोपली. चौकशी-अधिकाऱ्याने कागद वाचला आणि म्हटले, यांनी तर स्वतःच कबूल केले आहे. चार दिवस बिनपगारी कामबंदी, पट्ट्याची किंमत पगारातून वजा, आणि नोंदवहीत शेरा. हा शेरा पुढे बढतीच्या वेळी त्यांच्या आड आला. तात्या मला एका शब्दाने बोलले नाहीत. तू मुद्दाम थोडेच केलेस, एवढेच म्हणाले. परंतु ते वाक्य मी लिहिले होते. “द बेल्ट ब्रोक” एवढे तीनच शब्द लिहिले असते तर ते खरेही ठरले असते आणि शुद्धही. तेव्हापासून इंग्रजी क्रियापद दिसले की मी त्याची जात विचारल्यावाचून त्याला पुढे जाऊ देत नाही. मनुष्याची जात विचारू नये. क्रियापदाची मात्र अवश्य विचारावी!

आता व्याकरणाकडे वळू. पहिला भेद सकर्मक आणि अकर्मक हा. शाळेत आपण तो पाठ केला आणि विसरलो. पण आपली जीभ तो विसरलेली नाही. आपण म्हणतो, “तो गेला,” “तो बसला,” “तो पडला.” परंतु “त्याने भाकरी खाल्ली,” “त्याने पत्र लिहिले.” हा ‘ने’ कोठून आला? क्रिया कर्त्यापाशी न थांबता दुसऱ्या वस्तूवर जाऊन पोचली, म्हणून भूतकाळात कर्त्याला ‘ने’ लागला. “तो धडा शिकला,” “ती हे म्हणाली,” असे काही अपवाद आहेत. पण अपवाद सोडले तर मराठी माणूस दिवसातून शेकडो वेळा सकर्मक-अकर्मक ओळखतो आणि एकदाही चुकत नाही. कोठल्याही शाळेत न गेलेली माझी आजी या बाबतीत कधी चुकली नाही.

आणखी एक सोय मराठीत आहे. तुटणे-तोडणे, फुटणे-फोडणे, पडणे-पाडणे, सुटणे-सोडणे, थांबणे-थांबवणे, बुडणे-बुडवणे अशा जोड्या पहा. जे आपोआप घडते त्याला एक रूप, जे कोणी घडविते त्याला दुसरे. “दिवाळे वाजले, बँक बुडाली,” असे एकजण म्हणतो, दुसरा म्हणतो, “बँक बुडवली.” दोघांचे राजकारण निराळे आहे, हे लगेच समजते. आपल्याकडेही काही क्रियापदे दोन्ही कामे करतात. “दार उघडले” आणि “त्याने दार उघडले,” “खुर्ची मोडली” आणि “त्याने खुर्ची मोडली.” यांना आपले व्याकरणकार उभयविध क्रियापदे म्हणतात. परंतु मराठीत ती थोडी आहेत, आणि तेथेही तो ‘ने’ येऊन घोटाळा मिटवतो.

इंग्रजीत मात्र अशा उभयविध क्रियापदांचा सुकाळ आहे. ब्रेक, स्टॉप, स्टार्ट, ओपन, क्लोज, बर्न, सिंक, मूव्ह, टर्न, एंड, ही सारी त्याच जातीची. त्यांचे रूप बदलत नाही, कर्त्याला ‘ने’ लागत नाही. सारा अर्थ शब्दांच्या जागेवरून ठरतो. क्रियापदाच्या मागे जो आहे तो कर्ता, पुढे जे आहे ते कर्म. पुढे काही नसेल तर क्रियापद अकर्मक. “द बेल्ट ब्रोक” : पुढे काही नाही, म्हणून पट्टा तुटला. “आय ब्रोक द बेल्ट” : पुढे पट्टा आहे, म्हणून मी पट्टा तोडला. शब्द तोच, फक्त जागा बदलली, आणि चार दिवसांचा पगार गेला.

आता हेच गिरणीच्या बाबतीत पहा. “द मिल क्लोज्ड,” गिरणी बंद झाली. “द ओनर क्लोज्ड द मिल,” मालकाने गिरणी बंद केली. पहिले वाक्य वाचताना वाटते, सूर्य मावळावा तशी गिरणी मावळली. कोणाचा त्यात काही हात नाही. दुसऱ्या वाक्यात हात दिसतो. तसेच “वर्क स्टॉप्ड” आणि “द वर्कर्स स्टॉप्ड वर्क.” काम थांबले ते कच्चा माल नव्हता म्हणून, वीज नव्हती म्हणून, की कामगारांनी थांबवले म्हणून? या एका प्रश्नावर तो संप ठरतो की नाही, त्या दिवसाचा पगार मिळतो की नाही, हे अवलंबून असते. माझा असा आरोप नाही की, असे लिहिणारा प्रत्येक कारकून कपटी असतो. इंग्रजी भाषाच ही सवलत देते, आणि ज्याच्या हाती लेखणी असते तो ती घेतो. आम्हीही आमच्या पत्रकांत ती घेतली आहे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. दगड पडले तेव्हा आम्हीसुद्धा “दगड पडले” असेच लिहिले.

थोड्या इंग्रजी क्रियापदांना मात्र आपल्यासारख्या जोड्या आहेत. राइज म्हणजे वाढणे, वर जाणे. रेज म्हणजे वाढवणे, वर उचलणे. पगार राइज होतात; मालक पगार रेज करतो. फॉल म्हणजे पडणे. फेल म्हणजे, उदाहरणार्थ, झाड पाडणे. लाय म्हणजे पडून असणे. ले म्हणजे ठेवणे. यात एक खड्डा आहे. लायचा भूतकाळ ‘ले’ असाच होतो, आणि मूळच्या लेचा भूतकाळ ‘लेड’ होतो. शिकलेले इंग्रजसुद्धा येथे घसरतात, तेव्हा आपण घसरलो तर लाजू नये. कामगाराला परिचित असलेला ‘ले-ऑफ’ हा शब्द या सकर्मक ‘ले’पासून आलेला आहे. कामगार ले-ऑफ होत नाही. त्याला ले-ऑफ केले जाते. करणारा कोणीतरी असतोच.

दुसरी जात आणखी चकवणारी. बी, बिकम, सीम, रिमेन ही क्रियापदे पहा. “ही बिकेम अ मेंबर.” येथे मेंबर हे नाम क्रियापदाच्या पुढे आहे, मग ते कर्म झाले काय? नाही. तो आणि मेंबर ही दोन माणसे नव्हेत, एकच आहे. क्रिया कोणावर गेलेली नाही. फक्त कर्त्याविषयीची माहिती पुरी झाली. आपण त्या शब्दाला विधानपूरक म्हणतो. अशी क्रियापदे कर्त्याला त्याच्या वर्णनाशी जोडतात, म्हणून त्यांना जोडक्रियापदे म्हणा. परीक्षा सोपी आहे : त्या क्रियापदाच्या जागी ‘इज’ किंवा ‘वॉज’ घालून पहा. अर्थ साधारण टिकला तर ते जोडक्रियापद. “ही लुक्ड टायर्ड,” तो थकलेला दिसला. ‘वॉज टायर्ड’ म्हटले तरी चालते. “ही लुक्ड ॲट द मशीन,” त्याने यंत्राकडे पाहिले. येथे ‘वॉज’ घाला, वाक्य कोसळते. तेव्हा ‘लुक’ हा शब्द एकच, पण जाती दोन.

याचा व्यवहारात उपयोग काय? हजेरीपटावर एक वाक्य नेहमी येते : “रिमेन्ड ॲबसेंट,” गैरहजर राहिला. एका तंट्यात माणसे सकाळी साडेसहापासून फाटकाबाहेर उभी होती. पहारेकऱ्याने आत सोडले नाही. पटावर सगळ्यांच्या नावापुढे ‘रिमेन्ड ॲबसेंट.’ राहिले! जणू हा त्यांचा स्वभावच. आम्ही लेखी हरकत घेतली की, हे जोडक्रियापद येथे लागू नाही. येथे सकर्मक क्रियापद पाहिजे, यांना बाहेर ठेवले गेले. अधिकारी हसला, पण त्याने बाहेर ठेवल्याची नोंद केली.

‘ठेवले गेले’ म्हटले, त्यावरून कर्मणी प्रयोग आला. इंग्रजीत सकर्मक क्रियापदाचाच कर्मणी प्रयोग होतो. म्हणून सकर्मक ओळखण्याची तीही एक कसोटी आहे. “ही वर्क्ड एट अवर्स,” तो आठ तास राबला. ‘एट अवर्स’ क्रियापदाच्या पुढे आहे, म्हणून कर्म वाटते. पण वाक्य उलटवून पहा. ‘आठ तास त्याच्याकडून राबले गेले’ असे इंग्रजीत कोणी म्हणणार नाही. तेव्हा ते कर्म नव्हे, ती केवळ वेळ. उलट “ही वॉज डिसमिस्ड” : काढला गेला. कोणी काढला? ‘बाय’ लावून कर्ता सांगता येतो, पण सांगितलाच पाहिजे असे नाही. येथे इंग्रजीला हसण्याचे कारण नाही. आपली सरकारी मराठी पहा : ‘कामावरून कमी करण्यात येत आहे,’ ‘असे निदर्शनास आणून देण्यात येते.’ कोण करतो, कोण आणून देतो? खुर्ची! आपण हा प्रयोग इंग्रजीपेक्षाही हौसेने वाढवला.

तिसरी जात साहाय्यक क्रियापदांची. यांत पुन्हा दोन थर आहेत. बी, हॅव, डू ही कधी साहाय्यक असतात, कधी स्वतंत्र. “आय हॅव अ कार्ड,” माझ्याजवळ कार्ड आहे. येथे हॅव मुख्य क्रियापद. “आय हॅव सीन द कार्ड,” मी कार्ड पाहिले आहे. येथे ते साहाय्यक. “आय हॅव टू शो द कार्ड,” मला कार्ड दाखवावे लागते. येथे ते सक्ती सांगते. शब्द एक, कामे तीन. दुसरा थर शॅल, विल, मे, कॅन, मस्ट यांचा. ही कधी एकटी राबत नाहीत. पुढे मुख्य क्रियापद लागतेच, निदान मनात तरी. यांना तृतीय पुरुषी ‘एस’ लागत नाही, पुढे ‘टू’ येत नाही, नकारासाठी ‘डू’ची मदत लागत नाही. ओळखायला यांच्याइतकी सोपी जात नाही, आणि समजायला यांच्याइतकी अवघड नाही. कारण क्रिया घडते की नाही, हे ती सांगत नाहीत. ती घडण्याची मुभा आहे, शक्ती आहे की बंधन आहे, हे सांगतात.

१९४७ च्या औद्योगिक विवाद कायद्याने आमची दोन पिढ्यांची हयात घडवली. त्याच्या दहाव्या कलमात असे होते की, तंटा आहे किंवा होण्याचा संभव आहे असे सरकारचे मत झाले, तर सरकार तो न्यायाधिकरणाकडे पाठवू शकेल. तेथे शब्द होता ‘मे.’ पाठवलाच पाहिजे असे नव्हे. बाराव्या कलमाच्या पाचव्या उपकलमात दोन्ही शब्द शेजारी शेजारी बसले होते : समेटाचा अहवाल पाहून सरकार तंटा पाठवू शकेल, तेथे ‘मे’, न पाठवला तर कारणे नोंदून पक्षांना कळवील, तेथे ‘शॅल.’ पाठवणे मर्जीचे, कारण देणे बंधनाचे. हा ‘शॅल’ क्षुल्लक वाटेल. पण त्याच्यावरच १९६० साली सर्वोच्च न्यायालयात तत्कालीन मुंबई राज्याविरुद्धचा खटला उभा राहिला. कामगारांनी त्या वर्षी काम मंद केले होते, या कारणास्तव सरकारने बोनसचा तंटा पाठवण्याचे नाकारले होते. कारण लिहून देणे भाग होते, म्हणून ते लिहिले गेले. लिहिले गेले म्हणून ते तपासता आले. आणि तपासल्यावर ते गैरलागू ठरले. ते कारण बाजूला ठेवून सरकारने पुन्हा विचार करावा, हा उच्च न्यायालयाचा हुकूम कायम झाला. ‘मे’ने दार लोटून घेतले होते, ‘शॅल’ने फट ठेवली होती.

येथे एक सावधगिरी सांगतो. कायद्यातला प्रत्येक ‘मे’ ऐच्छिक आणि प्रत्येक ‘शॅल’ सक्तीचा, असा साचा करू नका. इंग्लंडच्या हाउस ऑफ लॉर्ड्सने १८८० साली ऑक्सफर्डच्या बिशपच्या खटल्यात तत्त्व घालून दिले की, असे शब्द स्वतः फक्त अधिकार देतात. पण तो अधिकार वापरण्याचे कर्तव्य भोवतालच्या परिस्थितीतून येऊन त्याला जोडले जाऊ शकते. म्हणजे क्रियापद ओळखणे ही पहिली पायरी आहे, शेवटची नव्हे.

साहाय्यक ओळखला तरी काम संपत नाही. त्याच्या पुढचे मुख्य क्रियापद कोणते, ते पाहिले पाहिजे. याचे सर्वांत मोठे उदाहरण आपल्या संविधानात आहे. १९५० साली अंमलात आलेल्या पंचेचाळिसाव्या अनुच्छेदात म्हटले होते की, राज्य दहा वर्षांच्या आत चौदा वर्षांपर्यंतच्या सर्व मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण पुरविण्याचा प्रयत्न करील. इंग्रजीत ‘शॅल’ आहे, म्हणून सक्ती आहे असे वाटते. पण सक्ती कशाची? मुख्य क्रियापद आहे ‘एन्डेव्हर,’ प्रयत्न करणे. ‘प्रोव्हाइड,’ पुरवणे, हे त्याच्या मागे ‘टू’ लावून बसले आहे. सक्ती प्रयत्नाची, पुरवण्याची नव्हे. शिवाय तो अनुच्छेद मार्गदर्शक तत्त्वांपैकी, म्हणजे न्यायालयात मागता न येणारा. दहा वर्षे गेली, वीस गेली, पन्नास गेली. २००२ च्या शहाऐंशीव्या घटनादुरुस्तीने एकवीस-अ हा नवा अनुच्छेद मूलभूत हक्कांत घातला : राज्य सहा ते चौदा वर्षांच्या मुलांना मोफत व सक्तीचे शिक्षण पुरवील. ‘एन्डेव्हर’ गेले, ‘शॅल’पुढे थेट ‘प्रोव्हाइड’ आले. तो १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. दोन क्रियापदांमधले अंतर चालून जायला आपल्या राष्ट्राला साठ वर्षे लागली, आणि माझ्या वयाची कितीतरी मुले त्या अंतरातच शाळेबाहेर पडली.

आमच्या करारांतही हेच चालते. ‘व्यवस्थापन विचार करील,’ इंग्रजीत ‘विल कन्सिडर.’ नवा कार्यकर्ता ‘विल’ पाहून खूश होतो. मी त्याला सांगतो, ‘विल’च्या पुढे बोट ठेव. तेथे ‘पे’ आहे काय? ‘कन्सिडर’ असेल तर हिशेबात शून्य धर.

आता ज्या एका खटल्यासाठी मी हा विषय घेतला, त्याकडे येतो. स्टेट बँकेत एका तात्पुरत्या कॅशियरला नऊ दिवसांची नेमणूक दिली होती. हुकुमातच लिहिले होते की, मुदत भरताच नोकरी आपोआप थांबेल. क्रियापद होते ‘सीज,’ अकर्मक. आधीच्या नेमणुका धरून त्याचे बारा महिन्यांत दोनशे चाळीस दिवसांवर काम झाले होते. आणि वर्षाची अखंड सेवा झालेल्या कामगाराची कपात करायची, तर कायद्याच्या कलम पंचवीस-फ प्रमाणे एक महिन्याची नोटीस किंवा तितका पगार, आणि सेवेच्या दर वर्षामागे पंधरा दिवसांच्या सरासरी पगाराची भरपाई द्यावी लागे. कपातीची व्याख्या होती : मालकाने कामगाराची सेवा कोणत्याही कारणाने ‘टर्मिनेट’ करणे.

बँकेचे म्हणणे काय? आम्ही काहीच केले नाही. आम्ही सेवा संपवली नाही, ती संपली. वाद सारा तुटणे आणि तोडणे यांचाच! सर्वोच्च न्यायालयापुढे इंग्लंडमधील एका खटल्याचा आधार ठेवला गेला. त्यात तेथील न्यायमूर्तींनी चक्क व्याकरण सांगितले होते की, ‘टर्मिनेट’ हे क्रियापद सकर्मकही चालते आणि अकर्मकही. करार मुदत भरून संपू शकतो, किंवा कोणी कृतीने तो संपवू शकतो. हे मी पहिल्यांदा वाचले तेव्हा पुस्तक मिटून काही वेळ नुसता बसून राहिलो. ज्या चुकीने तात्यांचा पगार कापला गेला, तीच गाठ देशाच्या सर्वोच्च न्यायालयाच्या टेबलावर होती.

१९७६ साली न्यायमूर्ती कृष्ण अय्यर यांनी निकाल दिला, त्याचा आशय असा : कायद्यात ‘कोणत्याही कारणाने’ असे शब्द आहेत, तेव्हा सेवा संपवण्याची कृती तर त्यात येतेच, पण सेवा संपल्याची वस्तुस्थितीही येते, मग ती कशीही घडो. शिवाय शेवटची तारीख नेमणुकीच्या कागदावर आधीच लिहून ठेवणे, हीही लिहिणाऱ्याचीच कृती. आधी तोडून ठेवायचे आणि नंतर तुटले म्हणायचे, हे चालणार नाही. त्या कॅशियरला परत कामावर घ्यावे लागले.

गोष्ट येथेच संपती तर गोड झाली असती. १९८४ साली संसदेने कायद्यात दुरुस्ती केली : मुदतीचा करार संपून त्याचे नूतनीकरण न झाल्यामुळे सेवा संपली, तर ती कपात नव्हे. तुटणे पुन्हा तोडण्यापासून निराळे काढले गेले. तो १९४७ चा कायदा आता राहिला नाही. त्याच्या जागी २०२० ची औद्योगिक संबंध संहिता २१ नोव्हेंबर २०२५ पासून अंमलात आली, आणि तिनेही ठरावीक मुदतीच्या नोकरीची मुदत भरणे कपातीतून वगळले आहे. या नव्या व्यवस्थेत अशा कामगाराला एक वर्षाच्या सेवेनंतर ग्रॅच्युइटी मिळण्याची तरतूद आहे, हेही न्यायाने सांगितले पाहिजे. पण आज कोणा तरुणाच्या हाती अकरा महिन्यांचा कागद पडतो, तेव्हा त्यावरचे शेवटचे वाक्य त्याने कोणत्या डोळ्यांनी वाचावे, ते मी सांगितले.

कोणी म्हणेल, एवढी यातायात कशाला? कागद मराठीत मागा. अगदी बरोबर! आम्ही मागतो. आमच्या संघटनेत प्रत्येक कराराची मराठी प्रत सभेत मोठ्याने वाचल्यावाचून सही होत नाही. परंतु संविधानाच्या तीनशे अठ्ठेचाळिसाव्या अनुच्छेदाप्रमाणे, संसद दुसरे काही ठरवीपर्यंत, सर्वोच्च न्यायालयाचे कामकाज इंग्रजीत चालते आणि केंद्रीय कायद्यांचा अधिकृत पाठ इंग्रजी असतो. मराठीसाठी भांडत असताना इंग्रजी वाचायचे थांबवले, तर मधल्या काळात सह्या कोण करणार?

तेव्हा घरी जाताना तीन प्रश्न बरोबर न्या. इंग्रजी कागद हाती आला की, प्रत्येक वाक्यातले क्रियापद शोधा आणि त्याला विचारा. पहिला : क्रिया कोणावर गेली, की कर्त्यापाशीच राहिली? दुसरा : कर्ता पुढे आहे, की पडद्याआड? तिसरा : साहाय्यक कोणता, आणि त्याच्या पुढचे खरे क्रियापद कोणते? याला पदवी लागत नाही. जो माणूस मराठीत ‘तुटले’ आणि ‘तोडले’ यांत चुकत नाही, त्याच्याजवळ याची अर्धी विद्या आधीच आहे.

तात्या आता नाहीत. निवृत्त होताना ते माझ्याकडे एक अर्ज लिहून घ्यायला आले होते. मी म्हटले, “तात्या, अजून माझ्यावर विश्वास आहे?” ते म्हणाले, “आता तू विचारून लिहितोस ना?” मी विचारून लिहिले. प्रत्येक वाक्य त्यांना मराठीत उलटून वाचून दाखवले, आणि मगच त्यांनी सही केली.